पडद्यावरची आतली खबर: कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात चित्रपटांतले प्रसंग वापरावेत का?

प्रश्न: वाळूजवाला

नमस्कार. वाळूज औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या आणि शेअर बाजारात नोंदणी असलेल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी कंपनी सचिवांच्या हाताखाली काम करतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगविरोधी (आतली खबर वापरून शेअरचे सौदे करण्याविरुद्धच्या) नियमांनुसार, भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती ज्यांच्या हातून जाते अशा कर्मचाऱ्यांची, म्हणजे ऑफिसच्या भाषेत ‘डेझिग्नेटेड पर्सन’ची, यादी कंपनीला ठेवावी लागते. आमच्या यादीत सध्या एकशे चाळीसच्या आसपास माणसे आहेत आणि त्यांना वर्षातून एकदा हे नियम समजावून सांगण्याचे काम तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे.

ह्या वर्षीचे सत्र कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये जेवणानंतर ठेवले, हीच पहिली चूक झाली. पडद्यावर तिसऱ्या नियमाचे पोटनियम सरकत होते, पंखे घरघरत होते आणि तिसऱ्या रांगेतले आमचे एक ज्येष्ठ लेखापाल हजेरीच्या कागदावर सही करून, पेन बोटांत तसेच धरून, शांतपणे झोपी गेले होते. शेवटी ‘काही शंका आहेत का’ असे विचारल्यावर टूलरूममधल्या एका तरुण अभियंत्याने विचारले, की हर्षद मेहतावरच्या मालिकेत दाखवला आहे तोच हा गुन्हा का? ‘नाही, तो वेगळा’ एवढेच मी म्हणालो आणि सगळा हॉल जागा झाला. पुढची वीस मिनिटे प्रश्नांवर प्रश्न येत राहिले. त्यांतल्या निम्म्यांची उत्तरे मला नीट देता आली नाहीत, हे कबूल करतो.

पुढच्या वर्षी नियमांऐवजी अशा प्रसंगांपासूनच सुरुवात करावी, असे मनात आहे. मात्र दोन गोष्टींची धास्ती वाटते. चित्रपटात गुन्हा करणाराच नायक असतो आणि माणसे त्याची गाडी, त्याचा सूट आणि त्याची ऐट घेऊन घरी जातात. शिवाय ह्यांतले बरेचसे चित्रपट अमेरिकेतले असल्यामुळे तिथला कायदा आपला समजून बसण्याचाही धोका आहे. जाणकारांनी कृपया सांगावे, की कोणता प्रसंग आपल्या कायद्याला धरून शिकवता येईल आणि कोणत्या प्रसंगातून लोक चुकीचे शिकून जातील.

उत्तर: निवृत्त बँक अधिकारी, नांदेड

वाळूजवाले साहेब, आपण त्या अभियंत्याला दिलेले उत्तर बरोबर होते. परंतु तो गुन्हा वेगळा कसा, हे सांगितल्याशिवाय त्या मालिकेचा उपयोग होणार नाही.

१९९२ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कंधार तालुक्यातील शाखेत होतो. ज्या ‘बँक रिसीट’ने देश हादरला, ती मी नोकरीच्या पस्तीस वर्षांत एकदाही डोळ्यांनी पाहिली नाही, ते मुंबईतल्या ट्रेझरीचे काम होते. व्यवहार असा असे. एखाद्या बँकेला पंधरा दिवसांसाठी पैसा हवा असला, की ती आपले सरकारी रोखे दुसऱ्या बँकेला विकायची आणि ठरल्या दिवशी ठरल्या भावाने परत घ्यायची. ह्याला रेडी फॉरवर्ड म्हणत. रोख्यांची नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक ऋण कार्यालयात हाताने होत असे आणि तिला वेळ लागे, म्हणून विकणारी बँक तूर्त एक पावती, म्हणजेच ती बँक रिसीट, लिहून द्यायची, की पैसे मिळाले, रोखे आमच्याकडे आपल्यासाठी आहेत. दोन बँकांच्या मध्ये दलाल, म्हणजे हर्षद मेहता, उभा राहिला. धनादेश बँकेच्या नावाने निघत होता आणि रक्कम दलालाच्या खात्यात जमा होत होती. पुढे बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक ह्या दोन छोट्या बँकांनी मागे रोखे नसतानाही पावत्या लिहून दिल्या, आणि बँकांचा तो पैसा शेअर बाजारात भाव चढवण्यासाठी वापरला गेला. २३ एप्रिल १९९२ रोजी पत्रकार सुचेता दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियामध्ये स्टेट बँकेतील तुटीची बातमी दिली, आणि नंतर रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने सगळा आकडा चार हजार कोटी रुपयांच्या वर नेला.

आता आमच्या शाखेचे सांगतो. एका संध्याकाळी रोकड ऐंशी पैशांनी जुळेना. वीज गेलेली, कंदील लावलेला, शेवटची एसटी निघून गेलेली, आणि तरीही व्यवस्थापकांनी तिजोरीला कुलूप लावू दिले नाही. रात्री साडेनऊ वाजता एका भरणा पावतीवर ‘१’ चा ‘९’ वाचला गेल्याचे सापडले. कंधार तालुक्यात ऐंशी पैशांसाठी पाच माणसे कंदिलाखाली बसत होती, त्या काळात मुंबईत शेकडो कोटींच्या रोख्यांचा ताळा कुणी रिझर्व्ह बँकेच्या नोंदीशी घालून पाहत नव्हते. मालिका पाहताना माझा राग त्या दलालावर कमी आणि ताळा न घालणाऱ्यांवर जास्त होता, हे मोकळेपणाने सांगतो.

म्हणून माझे मत असे, की ती मालिका आपल्या लेखा आणि वित्त विभागाला जरूर दाखवावी. परंतु विषय ‘पावतीमागे माल आहे का’ हा ठेवावा. त्यात कंपनीची गुपित माहिती फोडण्याचा मुद्दा मुख्य नाहीच. सेबीची स्थापना १२ एप्रिल १९८८ ची असली, तरी तिला कायद्याचे बळ १९९२ मध्येच मिळाले. त्यामुळे ‘सेबी तेव्हा काय करत होती’ हा प्रश्न हमखास येईल, त्याची तयारी ठेवावी.

उत्तर: कंपनी सेक्रेटरी, छत्रपती संभाजीनगर

नांदेडच्या काकांशी मी पूर्ण सहमत आहे. इनसायडर ट्रेडिंगसाठीच एखादा प्रसंग निवडायचा असेल, तर मी १९८७ च्या ‘वॉल स्ट्रीट’ ह्या अमेरिकी चित्रपटातला निवडीन. मात्र लोकांना जो आठवतो, तो ‘हाव चांगली असते’ ह्या भाषणाचा प्रसंग नव्हे. सुरुवातीलाच तरुण दलाल आपल्या वडिलांना भेटतो. वडील एका विमान कंपनीत देखभाल विभागाचे फोरमन आणि कामगार संघटनेचे पुढारी आहेत. पेल्यावर बोलता बोलता ते सहज सांगून जातात, की अपघाताच्या चौकशीत आपली कंपनी निर्दोष ठरणार आहे आणि निकाल लवकरच बाहेर येईल. मुलगा ते ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीच्या जोरावर मोठ्या गुंतवणूकदाराच्या दारात उभा राहतो.

हा प्रसंग मी का निवडीन, ते सांगते. त्यात कोणी तिजोरी फोडत नाही. बाप मुलाशी घरच्यासारखे बोलतो, एवढेच घडते. आपल्या २०१५ च्या नियमांत मात्र तिथे एकामागून एक तीन गोष्टी घडून गेलेल्या आहेत. योग्य कारणाशिवाय माहिती दुसऱ्याला सांगणे हा एक भंग, ती काढून घेणे हा दुसरा, आणि ती जवळ असताना सौदा करणे हा तिसरा. सांगणाऱ्याला एक रुपयाही मिळाला नाही, म्हणून तो सुटत नाही. सेबी कायद्याच्या कलम १५-जी नुसार दंड किमान दहा लाख रुपये असून तो पंचवीस कोटी रुपये किंवा झालेल्या नफ्याच्या तिप्पट, ह्यांपैकी जे अधिक असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. कलम २४ खाली दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. सत्रात हे आकडे सांगितले, की पहिल्या रांगेत तरी कोणी झोपत नाही, असा माझा अनुभव आहे.

चित्रपट जिथे दिशाभूल करतो, ती जागाही सांगायला हवी. पडद्यावर गुन्ह्याच्या मुळाशी हाव दाखवतात, त्यामुळे प्रेक्षक असे समजतो, की हाव नसेल तर गुन्हा नाही. आपले नियम ‘माहिती जवळ असताना सौदा’ एवढेच पाहतात. सौदा का केला, हे विचारण्यापासून ते सुरू होत नाहीत. एका कंपनीतील अधिकाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी पैसे हवेत म्हणून तिमाहीचे निकाल येण्याआधी शेअर विकले आणि ‘मला कुठे नफा कमवायचा होता’ असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. लग्न खरे होते, खर्च खरा होता, तरी खुलासा द्यावाच लागला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेबी विरुद्ध अभिजित राजन ह्या खटल्यात माहितीचे स्वरूप आणि विक्रीमागची निकड पाहून संबंधिताच्या बाजूने निकाल दिला, हे खरे आहे. परंतु तो खटला १९९२ च्या जुन्या नियमांखालचा होता. प्रशिक्षणात त्याचा उल्लेख करून लोकांना पळवाट दाखवू नये, असे मी सुचवीन.

दुसरी दिशाभूल तपासाची. अमेरिकेत गॅलियन ह्या गुंतवणूक फंडाच्या प्रकरणात फोन चोरून ऐकले गेले आणि त्याच ध्वनिफितींवर २०११ मध्ये फंडाचे प्रमुख राज राजरत्नम दोषी ठरले. ते प्रकरण गाजल्यानंतर पडद्यावरच्या प्रत्येक तपास अधिकाऱ्याच्या कानाला हेडफोन लागला. आपल्याकडे सेबीला संभाषण ऐकण्याचा अधिकार नाही. कुणी कुणाला केव्हा फोन केला आणि किती वेळ, ह्याच्या नोंदी मात्र ती मिळवते. त्या नोंदी, बँकेची खाती, सौद्यांच्या वेळा आणि नातेसंबंध हे सगळे एकमेकांवर ठेवून चित्र उभे केले जाते. जानेवारी २०२५ मध्ये शेअर दलाल केतन पारेख आणि इतरांविरुद्ध फ्रंट रनिंगच्या, म्हणजे मोठ्या ग्राहकाच्या होऊ घातलेल्या सौद्याची खबर वापरून आधीच आपला सौदा करण्याच्या, आरोपावरून सेबीने जो अंतरिम आदेश काढला, त्यात वेगवेगळ्या टोपणनावांनी जतन केलेले नंबर एकाच व्यक्तीचे कसे ठरवले, ते वाचण्यासारखे आहे. त्यांपैकी एक धागा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा होता. शुभेच्छांची तारीख पॅन कार्डावरील जन्मतारखेशी जुळली. कोणत्याही पटकथाकाराला हे सुचले असते असे मला वाटत नाही, आणि हा आदेश कोणालाही फुकट वाचता येतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न आपल्या सत्रात नक्की येईल. काही मोठ्या कंपन्यांचे तिमाही आकडे जाहीर होण्याआधी गटांमध्ये फिरले होते आणि ते आकडे पुढे पाठवणाऱ्या काही जणांवर सेबीने कारवाई केली होती. २०२१ मध्ये सॅटने, म्हणजे सेबीच्या आदेशांवरची अपिले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, ती रद्द केली. आकडे निकालांशी जुळले, एवढ्यावरून ती कंपनीतून फुटलेली माहिती ठरत नाही. पाठवणाऱ्याला तसे ठाऊक होते, हे दाखवावे लागेल, असा त्यामागचा विचार होता. पण तिथे संदेश पुढे पाठवणारे लोक बाजारातले होते, कंपनीचे नव्हते. आपल्या लेखा विभागातील माणसाने आपल्याच कंपनीचा आकडा गटात टाकला, तर त्याला ह्या निकालाचा आधार मिळेल असे समजू नये.

उत्तर: भुसार आडत, लातूर

वरील मॅडमनी सगळे कंपन्यांबद्दल लिहिले आहे. आम्ही आडतवाले ज्या चित्रपटाची गोष्ट एकमेकांना सांगतो, तो वेगळा आहे; १९८३ चा ‘ट्रेडिंग प्लेसेस’. दोन श्रीमंत भाऊ अमेरिकी कृषी खात्याचा संत्र्याच्या पिकाचा अहवाल जाहीर होण्याआधी पैसे चारून मिळवायचा आणि गोठवलेल्या संत्रारसाच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, हात मारायचा बेत करतात. नायक त्यांच्या हाती खोटा अहवाल देऊन त्यांना बुडवतात आणि खऱ्या अहवालावर स्वतः कमावतात. लातूरच्या यार्डात तुरीच्या सरकारी अंदाजाची किंवा खाद्यतेलाच्या आयात शुल्काची चर्चा सुरू झाली, की ही गोष्ट हमखास निघते, कारण इथे शेअरच्या भावापेक्षा ह्या दोन कागदांवर जास्त घरे चालतात.

गंमत अशी, की चित्रपटातले ते कृत्य त्या काळी अमेरिकेतल्या वायदे कायद्यात स्पष्टपणे गुन्हा म्हणून लिहिलेलेच नव्हते. सरकारी खात्यातून चोरलेल्या माहितीवर शेतमालाचा वायदा करण्यास थेट मनाई झाली ती २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याच्या ७४६ व्या कलमाने, आणि तेव्हाच्या वायदे आयोगाचे अध्यक्ष गॅरी गेन्सलर यांनी ती मागताना अमेरिकी संसदेपुढे ह्याच चित्रपटाचा दाखला दिला होता. त्या कलमाला लोक त्यातल्या नटाच्या नावाने ‘एडी मर्फी नियम’ म्हणतात. चित्रपट आल्यावर सत्तावीस वर्षांनी कायदा त्याच्या मागे पोहोचला.

त्याहून जुनी गोष्ट कापसाची आहे आणि ती आपल्याकडच्या माणसाला अधिक पटेल. १९०५ मध्ये अमेरिकी कृषी खात्यातला एक सांख्यिकी अधिकारी कापसाच्या अंदाजाची खबर बाहेरच्या सटोडियांना देत असे, आणि खुणेसाठी खिडकीचा पडदा वर-खाली करत असे. त्यानंतर अहवाल तयार होताना खोली बंद ठेवण्याची पद्धत आली. आत गेलेला माणूस अहवाल जाहीर होईपर्यंत बाहेर येत नाही. मला हा खिडकीचा पडदा फार आवडतो. परळीला जिनिंगवर आमचे एक मामा होते, ते गाठींचा भाव फोनवर न बोलता टोपी सरळ की तिरकी एवढ्यावरून सांगत. अर्थात त्यांचा माल स्वतःचा होता, त्यामुळे त्यात गुन्हा काही नव्हता.

आता एक सावधगिरी. सेबीचे २०१५ चे नियम कंपनीविषयीच्या किंवा तिच्या सिक्युरिटीजविषयीच्या अप्रकाशित माहितीभोवती रचलेले आहेत. शेतमाल वायद्यांचे नियंत्रण फॉरवर्ड मार्केट्स कमिशनकडून २८ सप्टेंबर २०१५ रोजी सेबीकडे आले खरे, पण म्हणून हा चित्रपट दाखवून ‘आपल्याकडेही अगदी असेच कलम आहे’ असे कोणी सांगू नये. शिवाय आमच्या सोयाबीन आणि हरभऱ्याचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये सात शेतमालांच्या यादीत घालून सेबीनेच थांबवले आणि बंदीची मुदत पुढे वाढतच गेली. त्यामुळे वायद्यातल्या गैरव्यवहाराबद्दल लातुरात भाषण करायला गेलात, तर पहिला प्रश्न ‘वायदा आहे कुठे’ असा येईल. वाळूजच्या हॉलमध्ये मात्र ही गोष्ट चालेल. माहिती चोरण्याआधी तिचा मालक कोण, हे तिच्यातून झटकन समजते.

उत्तर: परभणीचा मास्तर

मी कंपनीतला माणूस नाही, तरीही लिहितो, कारण मी पडद्याच्या दुसऱ्या बाजूला होतो. जॉर्डन बेलफोर्ट ह्या अमेरिकी शेअर दलालावरचा २०१३ चा चित्रपट आम्ही चार शिक्षकांनी एकत्र पाहिला आणि खूप हसलो. कवडीमोल शेअर आधी आपल्या माणसांच्या नावावर गोळा करायचे, मग फोनवर फोन करून लोकांच्या गळ्यात मारायचे आणि भाव चढला की आपले विकून मोकळे व्हायचे, हे सगळे त्यात स्पष्ट दाखवले आहे. तरीही पुढच्याच वर्षी एका टेलिग्राम गटावर ‘अप्पर सर्किट लागणार’, म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला भिडणार, म्हणून आलेला एक पेनी शेअर मी दोन महिन्यांच्या पगाराचा घेतला. पाच दिवस सर्किट लागले. सहाव्या दिवसापासून लोअर सर्किट, विकायला गेलो तर घेणाराच नाही. तो शेअर अजून माझ्या डीमॅटमध्ये आहे. एकूण किंमत एकशे बारा रुपये दाखवतो.

चित्रपटाचा दोष असा, की फोन करणाऱ्या टोकाचा माणूसच तो बहुतेक दाखवतो. दुसऱ्या टोकाला जो असतो, त्याची खोली, त्याची बायको, त्याचे पासबुक दिसत नाही. आपण प्रसंग दाखवणार असाल, तर मध्येच थांबवून ‘आता फोन कोणी घेतला असेल’ असे विचारा. आपल्याकडच्या उदाहरणासाठी साधना ब्रॉडकास्ट ह्या कंपनीच्या शेअरचे प्रकरण घ्यावे. मार्च २०२३ मध्ये सेबीने ज्यांच्यावर अंतरिम आदेश काढला, त्यांत यूट्यूब वाहिन्यांवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ टाकून भाव चढवल्याचा आरोप असलेले लोक होते, आणि ज्यांनी त्या काळात शेअर विकले त्यांत एक प्रसिद्ध हिंदी अभिनेताही होता.

उत्तर: नाट्यवेडा, अंबाजोगाई

सर्वांचे वाचले. माझे मत थोडे विरुद्ध आहे. पडद्यावरचा न्यूयॉर्कचा टॉवर पाहून वाळूजचा माणूस म्हणतो, ‘हे आपल्यातले नाही’, आणि तिथेच त्याची सुटका होते. चित्रपट बाजूला ठेवा आणि दहा मिनिटांची बतावणी लिहा. आपल्याकडे तमाशातल्या सोंगाड्याने राजाची खरडपट्टी काढलेली चालते, मग मॅनेजरची का चालू नये?

प्रसंग मी देतो. देवगिरी एक्सप्रेस, रात्रीची, मुंबईकडे. समोरासमोरच्या बर्थवर लेखा विभागाचे साहेब आणि त्यांचा हाताखालचा माणूस. उद्या ऑडिट कमिटी. साहेब लॅपटॉप मांडीवर घेऊन बोलत आहेत, ‘ह्या खेपेला मार्जिन चार टक्क्यांनी वर गेले, पण आत्ता कुठे बोलायचे नाही हां’, आणि हे ते इतक्या मोठ्याने म्हणतात, की साइड लोअरवरचा शेंगा खाणारा प्रवासी टरफल टाकायचे थांबतो. दुसरा प्रसंग लग्नाचा. पंगत बसली आहे, वरणभात वाढला आहे, आणि नवरदेवाचे मामा विचारतात, ‘काय जावईबापू, तुमच्या कंपनीचे शेअर घ्यावेत का?’ जावईबापूंनी तोंडातून शब्द काढला नाही, फक्त डोळा मारला. आता सांगा, माहिती दिली की नाही? ह्या प्रश्नावर तुमचा हॉल अर्धा तास भांडेल, आणि भांडला म्हणजे शिकला.

उत्तर: कंपनी सेक्रेटरी, छत्रपती संभाजीनगर

अंबाजोगाईच्या दादांचा डोळा मारण्याचा प्रसंग मी उचलणार आहे. आधीच परवानगी मागते. उत्तर असे, की संवाद शब्दांतूनच व्हायला हवा असे नियमात कुठे म्हटलेले नाही. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन अठ्ठेचाळीस तास उलटेपर्यंत ट्रेडिंग विंडो, म्हणजे आपल्या कंपनीचे शेअर घेण्या-विकण्याची मुभा, बंद असते आणि डेझिग्नेटेड पर्सनच्या पॅनवर त्या काळात आपल्या कंपनीच्या शेअरचे व्यवहार गोठवले जातात, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणूनच माणसे स्वतःच्या खात्यातून फारसे काही करत नाहीत. घोटाळा मामांच्या खात्यातून होतो.

एक गोष्ट राहून गेली. अंतर्गत माहिती कामानिमित्त बाहेर द्यावीच लागते. ऑडिटरला, वकिलाला, कर्ज देणाऱ्या बँकेला. ती कोणाला, कधी, कशासाठी दिली, हे पॅनसह एका डिजिटल नोंदवहीत लिहावे लागते. तिच्यातली नोंद मागाहून बदलता येता कामा नये आणि ती किमान आठ वर्षे जपावी लागते. ही नोंदवही कोणत्याही चित्रपटात दिसणार नाही, कारण ती कंटाळवाणी आहे. सेबीचे पत्र आले, की सर्वांत आधी मात्र तीच मागितली जाते. नांदेडच्या काकांचा कंदील इथे लागतो.

वाळूजवाला

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या वर्षापर्यंत थांबवले नाही. मागच्या शनिवारी स्टोअर्स, डिस्पॅच आणि प्रशासन ह्या तीन विभागांतल्या तीस जणांसाठी, यादीत असोत वा नसोत, एक छोटे सत्र सकाळी दहाला घेतले. वडील-मुलाचा प्रसंग मराठीत सांगितला, चित्रफीत दाखवली नाही. कापसाच्या अहवालाचा खिडकीचा पडदा सांगितला. रेल्वेची बतावणी डिस्पॅचच्या दोघांनी केली आणि ती अपेक्षेपेक्षा फार चांगली झाली. साहेबांचे काम करणाऱ्याने आमच्या वित्त प्रमुखांची लकब हुबेहूब उचलली, त्यामुळे मला थोडी चिंता वाटली, पण ते स्वतःच सर्वांत जास्त हसले.

शेवटी एका ड्रायव्हरने हात वर केला. दर तिमाहीला तो वित्त प्रमुख आणि कार्यकारी संचालकांना चिकलठाणा विमानतळावर सोडतो. तो म्हणाला, ‘साहेब, मागच्या सीटवर काय बोलणं होतं ते सगळं माझ्या कानावर पडतं. मग मी ह्या यादीत आहे का?’

मी लॅपटॉप उघडून यादी पाहिली. त्याचे नाव नव्हते. आमच्या तिन्ही ड्रायव्हरांपैकी कोणाचेच नव्हते, आणि कार्यकारी संचालकांच्या केबिनमध्ये चहा नेणाऱ्या मावशींचेही नव्हते. आता नावे घालायची, तर कोणत्या पद्धतीने, हे मॅडम सांगतील का?

कंपनी सेक्रेटरी, छत्रपती संभाजीनगर

माहिती ज्याच्या हाती आली तो इनसायडर. यादीत नाव असो वा नसो. यादीसाठी पदापेक्षा माहितीपर्यंत पोहोच पाहायची असते आणि सहायक कर्मचाऱ्यांचा उल्लेख नियमांतच आहे. पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये आचारसंहितेच्या विषयाखाली तिघा ड्रायव्हरांची आणि मावशींची नावे ठेवा. त्यांच्याकडून पॅन, मोबाइल नंबर आणि जवळच्या नातेवाइकांची माहिती लेखी घ्या, आणि फॉर्म मराठीत द्या. इंग्रजी फॉर्मवर अंगठ्यासारखी सही घेऊन काही उपयोग नाही. विंडो बंद होण्याआधी हे करून घ्या. आणि वित्त प्रमुखांना सांगा, की विमानतळाच्या रस्त्यावर फोन स्पीकरवर ठेवू नका.